शिशाच्या गोळीचे कवच

बंदुकीच्या गोळीसाठी शिशाइतका सोयीचा धातू दुसरा नाही. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे कोळशाच्या साध्या शेगडीवर लोखंडी पळीत त्याचा रस होतो आणि साच्यात ओतला की काही क्षणांत घट्ट होतो. एका घनसेंटिमीटरचे वजन ११.३४ ग्रॅम भरते, पोलादाच्या जवळजवळ दीडपट. त्यामुळे लहान आकाराची गोळीही आपला वेग लांबवर टिकवून धरते. शिवाय ते मऊ असल्याने बंदुकीची नळी झिजवत नाही. गोळीचा वेग जोवर कमी होता तोवर हे सारे गुणच होते. वेग वाढू लागला तसे कमी द्रवणांक आणि मऊपणा हेच दोन गुण अडचणीचे ठरले. गेल्या काही शतकांत शिशाच्या गोळीला चिंधी, कागद, चरबी-मेण, बुडाची धातूची वाटी आणि शेवटी तांब्याचे संपूर्ण कवच असे जे जे चढवले गेले, ते याच अडचणीतून मार्ग काढण्यासाठी.

अडचण दोन जागी येते. दारू पेटली की तिचा वायू शिशाच्या द्रवणांकाच्या कितीतरी पट तापलेला असतो आणि तो सगळा जोर गोळीच्या बुडावर येतो. बूड आणि नळी यांच्यात केसाइतकी फट राहिली तरी वायू तिथून सुसाट पुढे निघतो आणि जाता जाता शिशाची कड कातरून नेतो. दुसरी जागा गोळीच्या अंगाची. गोळीला स्वतःभोवती फिरवण्यासाठी नळीच्या आत वळणदार खाचा, म्हणजे आटे, पाडलेले असतात. गोळी वेगाने ढकलली गेली की मऊ शिसे या आट्यांना धरून वळण्याऐवजी त्यांच्यावरून घसरते आणि खरवडले जाते. दोन्हींचा परिणाम एकच: नळीला आतून शिशाचा लेप बसतो, नेम बिघडतो, आणि लेप साफ न केल्यास नळी निकामी होते.

शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून त्याला कठीण करणे हा एक जुना तोडगा. शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मोजणीत ५ च्या आसपास असतो. जुन्या छापखान्यांत लायनोटाइप यंत्रावर ओळी ओतण्यासाठी वापरला जाणारा मिश्रधातू, ज्यात सुमारे ४ टक्के कथील आणि १२ टक्के अँटिमनी असे, तो २२ च्या घरात जातो. पण कठीणपणालाही मर्यादा आहे. गोळी फार कठीण झाली तर वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून नळीशी घट्ट बसत नाही, आणि फट बुजण्याऐवजी उघडीच राहते. गोळीला बुडाशी मऊपणा हवा आणि अंगाला कठीणपणा हवा; एकाच धातूच्या एका ओतात हे दोन्ही साधत नाही. म्हणून वेष्टनाची कल्पना पुढे आली.

तोड्याची बंदूक आणि चिंधी

मराठी मुलखात शिशाची गोळी प्रथम आली ती तोड्याच्या बंदुकीबरोबर. जळती वात, म्हणजे तोडा, काण्यातल्या दारूला टेकवून बार काढण्याची ही बंदूक सतराव्या आणि अठराव्या शतकांत दख्खनच्या सगळ्या फौजांत होती. तिच्या गोळ्या ज्याच्या त्याने किंवा फौजेच्या कारखान्यात साच्यात ओतून तयार व्हायच्या. दारूतला सोरा आणि कोळसा देशातच मिळे. शिसे मात्र बहुतेक बाहेरून येई, आणि किनाऱ्यावरच्या इंग्रज व फ्रेंच वखारवाल्यांकडून शिवाजी महाराजांच्या कारभाऱ्यांनी शिसे खरेदी केल्याच्या नोंदी वखारींच्या पत्रव्यवहारात आहेत. दारूगोळ्याच्या साठ्याची शिस्त रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दिसते: दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूची वरचेवर देखभाल व्हावी, असे गडांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे.

या बंदुकांना आटे नसत. नळी आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा मुद्दाम बारीक ठेवली जाई, कारण काही बार झाल्यावर जळक्या दारूची राख नळीत साचते आणि नेमक्या मापाची गोळी गजाने ठासूनही आत जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीच्या फौजेत असलेल्या चकमकीच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची आणि गोळी साडेसतरा मिलिमीटरची होती. दीड मिलिमीटरची ही मोकळीक चिंधीने किंवा कागदाच्या बोळ्याने बुजवायची. वेग बेताचा असल्याने शिशाला त्रास नव्हता, पण फटीतून वायू निसटल्याने ताकद वाया जाई आणि नेम शंभर पावलांपलीकडे विश्वासाचा राहत नसे. १७६० साली उदगीरला निजामाविरुद्ध आणि पुढल्या वर्षी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी एकाच वेळी ओळीने बार काढण्याची कवायत दाखवली, तिचे एक कारण हेच आहे. एकट्या बंदुकीचा नेम भरवशाचा नसला की शेकडो बंदुकांचा एकत्र मारा हाच उपाय उरतो.

आजच्या परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांच्या भूमीवर या काळाचा शेवट कसा झाला याचे ठळक उदाहरण म्हणजे १८१९ च्या जानेवारीतली नोव्ह्याची लढाई. हटकर नायकांपैकी नोवसाजी नाईक यांनी नोव्ह्याच्या गढीत निजामाच्या ‘रसेल ब्रिगेड’शी झुंज दिली. गढीच्या तटावरून तोड्याच्या बंदुका लांबवरचा मारा करू शकत होत्या. पण वेढा घालणाऱ्यांजवळ तोफा आणि कवायती पायदळ होते, आणि निकाल त्यांनी लावला. याच ब्रिगेडमधून पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली. तिची एक छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीला होती.  

कागदाचे वेष्टन

आट्यांच्या बंदुकीत गोळी नळीला घट्ट बसली पाहिजे, आणि तोंडाकडून ठासायची तर ती सैल असली पाहिजे. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतियेन मिनिए यांनी बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली आणि हा पेच सोडवला. ठासताना ती सैल जाई. बार होताच वायू पोकळीत शिरून बुडाची कड फुगवी आणि शिसे आट्यांत बसे. शिशाचा मऊपणा इथे मुद्दाम वापरला गेला. इंग्रजांची १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर होती. तिचा व्यास १४.६६ मिलिमीटर आणि गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम.

एनफील्डचे काडतूस कागदाचे होते. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला उलटी बसवलेली गोळी, आणि गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावलेली. शिपायाने दारूकडचे टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची, मग गोळीचे टोक कागदासकट ठासायचे, उरलेला कागद फेकून द्यायचा. म्हणजे चरबी लावलेला कागद गोळीबरोबर नळीत जाई आणि शिसे व नळी यांच्यामध्ये राही. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर १८५७ च्या वादाच्या मुळाशी असलेला तो कागद हे गोळीचे वेष्टनच होते, आणि चरबी होती ती राख मऊ ठेवून फट बुजवण्यासाठी. गाय आणि डुकराच्या चरबीची वार्ता त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम इथून पसरली. मेण आणि तेल यांचे मिश्रण लावण्याची परवानगी, काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची सूट, हे सगळे नंतर आले आणि उशिरा आले. तोवर उठाव पेटला होता; महाराष्ट्रात ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूरला २७ व्या पलटणीने बंड केले.

उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींच्या हाती आट्यांशिवायच्या, गुळगुळीत नळीच्या एनफील्ड दिल्या. तंत्राचा इतिहास लिहिताना हा निर्णय सहसा दुर्लक्षिला जातो, पण तो मोठा आहे. गोळीचे वेष्टन किती चांगले असावे हे यापुढे इथे राज्यकर्त्यांचा शिपायावर किती विश्वास आहे यावर ठरणार होते. गोऱ्या पलटणींना आट्यांची मार्टिनी-हेन्री १८७१ पासून मिळू लागली. तिची ३१ ग्रॅमची गोळी बारा भाग शिसे आणि एक भाग कथील यांची, वर कोरड्या पातळ कागदाचे घट्ट वेष्टन, खाली मेणाची चकती. वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. काळ्या दारूने शिशाला याहून फार पुढे नेणे शक्य नव्हते.

तांब्याचे जॅकेट

स्विस अधिकारी एडुआर्ट रुबिन यांनी १८८२ मध्ये शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे पातळ कवच चढवले. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली, आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीत दोन्ही शोध एकत्र आले. तांबे १०८५ अंशांना वितळते, आट्यांना घट्ट धरते आणि ओरखडत नाही. गोळी बारीक झाली, हलकी झाली आणि कितीतरी अधिक वेगाने जाऊ लागली. इंग्रजांची .३०३ रायफल १८८८ ची. तिचा व्यास ७.७ मिलिमीटर, गोळी १३.९ ग्रॅमची, कवच चार भाग तांबे आणि एक भाग निकेल यांच्या मिश्रधातूचे. निकेलमिश्रित कवचाचा स्वतःचा लेप नळीला धरू लागला म्हणून पुढे बऱ्याच देशांनी तांबे-जस्ताचा, नव्वद ते पंचाण्णव टक्के तांब्याचा मिश्रधातू पसंत केला. १९१० च्या ‘मार्क ७’ गोळीचे वजन ११.३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ७४४ मीटर. हिच्या टोकाशी शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा कागदाचा लगदा भरलेला असे, म्हणजे वजन मागे राही.

पूर्ण कवचामुळे एक अनपेक्षित परिणाम झाला. उघडे शिसे शरीरात शिरल्यावर पसरते. कवच असलेली गोळी आरपार जाते. वायव्य सरहद्दीवरच्या १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकारी तक्रार करू लागले की नव्या गोळीने माणूस थांबत नाही. त्यावर डमडमच्या कारखान्याचे कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. कारखान्याच्या गावाचे नाव जगभर गाजले ते यामुळे, आणि ते क्रूरतेचे नाव म्हणून गाजले. २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात सहज पसरणाऱ्या, गाभा पूर्ण न झाकणाऱ्या किंवा कवचाला छेद दिलेल्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. ब्रिटनने १९०७ मध्ये तो मान्य केला. जॅकेट ही मुळात नळी वाचवण्याची युक्ती. या तारखेपासून ती युद्धनीतीची अटही झाली. सैनिकी गोळीचे कवच आजही पूर्ण असते त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

पिस्तुलात जॅकेट आले ते आणखी वेगळ्या कारणाने. आपोआप पुढची गोळी चढवणाऱ्या पिस्तुलात काडतूस उतरणीवरून घासत नळीत जाते. उघड्या शिशाचे नाक तिथे चेपते आणि अडकते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, औरंगाबादला शिकलेल्या अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल या जातीचे, ब्राउनिंगचे होते. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक. अशा शस्त्राची काडतुसे कारखान्यातच होतात. साच्यात गोळ्या ओतून लढण्याचे दिवस क्रांतिकारकांपुरतेही संपले होते.

परभणीच्या इतिहासात ओतीव गोळीचे आणि कवचाच्या गोळीचे अशी दोन्ही युगे एकाच वर्षी समोरासमोर आली. १९४८ मध्ये जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांपैकी बहुतेकांजवळ ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या, थोड्यांजवळ आधुनिक शस्त्रे. परदेशी वैमानिक सिडनी कॉटन त्या वर्षी कराचीहून विमानाने हैदराबादला शस्त्रे पोचवत होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या त्या .३०३ रायफली घेऊन. १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. ओतीव गोळी आणि चिंधीची बंदूक कवचाच्या गोळीसमोर किती टिकते, हा प्रश्न तेव्हा पाच दिवसांत सुटला. अर्थात त्यामागे रणगाडे, तोफा आणि मुख्यतः संस्थानातल्या जनतेची आधीची लढाई होती.

खडकी आणि वरणगाव

महाराष्ट्रात जॅकेटचे काम होते ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे काडतूस कागदाचे सोडून पितळी होत होते त्या काळातला. पेशव्यांची फौज ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जिथे इंग्रजांशी लढली त्याच गावाची ही ओळख पुढे झाली. जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना १९६४ चा, चीनयुद्धानंतरच्या विस्तारातला. दोन्हीकडे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेले. तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

कारखान्यातले जॅकेट ओतलेले नसते, ओढलेले असते. मिश्रधातूच्या पट्टीतून गोल चकती छाटतात, तिची उथळ वाटी करतात, मग एकाहून एक अरुंद साच्यांतून ती दाबत नेऊन लांब नळकांडे बनवतात. प्रत्येक ओढीत धातू ताठर होतो, म्हणून मधेमधे त्याला तापवून पुन्हा मऊ करावे लागते. शिशाची जाड तार यंत्राने ढकलून काढतात, तिचे मोजके तुकडे करून नळकांड्यात दाबतात, मग टोक आणि बूड यांना आकार देतात. यात खरी कसोटी आहे ती भिंतीच्या जाडीची. कवच एका बाजूला किंचित जाड असले तर गोळीचा तोल ढळतो, आणि सेकंदाला दोन हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या वस्तूत तेवढा तोल नेम चुकवायला पुरतो. भारतीय सेनेच्या ५.५६ मिलिमीटर इन्सास रायफलीची गोळी चार ग्रॅमच्या आसपास भरते आणि सेकंदाला सुमारे ९०० मीटरने निघते. एनफील्डच्या ३४ ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंतचा हा प्रवास कवचाशिवाय झालाच नसता.

बुडाची वाटी

गॅस चेक ही कागदाचे वेष्टन आणि पूर्ण जॅकेट यांच्यामधली पायरी. ओतीव गोळीच्या बुडाशी थोडी बारीक केलेली टाच ठेवायची आणि तिच्यावर तांब्याची उथळ वाटी घट्ट बसवायची. वायूचा पहिला तडाखा तांब्यावर येतो, बुडाची कड वितळत वा कातरत नाही, आणि वाटीची धार पुढे सरकताना नळी खरवडून साफ ठेवते. गोळीचे अंग उघडे शिशाचेच राहते; त्याला मेण-चरबीचे वंगण लागते.

कल्पना तोफांकडून आली. १८७० च्या दशकात ब्रिटिशांच्या तोंडाकडून भरायच्या, आट्यांच्या मोठ्या तोफांत गोळा आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू जाऊन नळी आतून खाल्ली जात होती. त्यावर गोळ्याच्या बुडाला तांब्याची बशी जोडली गेली आणि तिला गॅस चेक हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने तीच गोष्ट रायफलच्या ओतीव गोळीला लावली. तिचे प्रयोजन आर्थिक होते. जॅकेटच्या गोळ्या महाग. शिकारी आणि नेमबाज घरी गोळ्या ओतत. पण धूरविरहित दारूच्या वेगाला उघडे शिसे टिकेना. बुडाला एक वाटी लावली की तीच ओतीव गोळी सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास नेता येऊ लागली. पिस्तुलाच्या कमी वेगाला तिची गरज सहसा पडत नाही, आणि पूर्ण वेगाच्या रायफलीला ती पुरत नाही. तिचे क्षेत्र मधले आहे.

घरगुती वाटी आणि घरगुती जॅकेट

तयार वाट्या अमेरिकी बाजारात शंभर वर्षे मिळत असूनही त्या घरी बनवण्याचा खटाटोप तिथे सतत चालू राहिला. तंगी, महागाई आणि जुन्या, बाजारातून गेलेल्या मापांच्या बंदुका ही त्याची तीन कारणे. पद्धत कारखान्याच्याच तत्त्वाची, लहान प्रमाणावर: पातळ तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून चकती छाटायची आणि दाबयंत्राच्या साच्यात तिची वाटी करायची. ॲल्युमिनियम स्वस्त पडते म्हणून थंड पेयांच्या डब्यांचा पत्राही वापरला गेला आहे. तो फार पातळ असल्याने वाटी टाचेवर घट्ट बसत नाही आणि गोळी नळीबाहेर पडताच सुटते. सुटलेली वाटी एका बाजूला ओढ देऊन गेली तर नेम जातो. घरगुती वाटीची ही मुख्य उणीव आहे. कारखान्याच्या वाटीची धार आत वळवून शिशात रुतवलेली असते. घरगुती साच्यात तो शेवटचा दाब नेमका साधणे अवघड.

घरगुती जॅकेटचा प्रसिद्ध अध्याय दुसऱ्या महायुद्धातला आहे. तांबे लष्कराकडे वळल्याने जॅकेटच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये .२२ च्या वापरून झालेल्या पितळी पुंगळ्यांपासून जॅकेट बनवणारे साचे तयार केले. पुंगळीची कड सपाट करून तिचे नळकांडे करायचे, आत शिशाचा गाभा दाबायचा, पुढे टोक काढायचे. जमिनीवर पडलेल्या, फेकून दिलेल्या पुंगळीतून लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी अचूक गोळी निघे. या साच्यांतूनच त्यांची आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. याच काळात व्हर्नन स्पीअर यांनीही पुंगळ्यांच्याच जॅकेटवर धंदा सुरू केला. पितळी पुंगळीची भिंत पातळ, त्यामुळे हे जॅकेट फार वेगात नळीबाहेर पडताच फाटू शकते. युद्ध संपून तांबे परत मिळू लागले तसे ते मागे पडले. आज त्याची जागा आणखी एका वेष्टनाने घेतली आहे. कोरड्या रंगाची भुकटी गोळीला चिकटवून भट्टीत भाजली की तिचा प्लास्टिकसारखा कडक थर बसतो, आणि मध्यम वेगांना वंगण व वाटी दोन्ही वाचतात.

भारतातला प्रश्न

अमेरिकेतला हा छंद जसाच्या तसा भारतात आणता येत नाही, आणि याचे कारण तांत्रिक नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. म्हणजे बुडाची वाटी, जॅकेट, ओतीव गोळी आणि त्यांचे साचे, सगळे त्यात येऊ शकते. कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण वापरण्यासाठीच बनवलेल्या जॅकेटला ती कशी लागू व्हावी? गोळी ओतण्याची कला एकेकाळी गावोगाव होती. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून ती परवान्याच्या चौकटीत गेली, आणि स्वतंत्र भारताने ती चौकट कायम ठेवली. शस्त्रांचा इतिहास आणि गावठी कट्ट्यांचे आजचे धंदे पाहता ती ठेवणे योग्यच आहे.

परभणीसारख्या शेतीच्या जिल्ह्यात बंदुकीचा प्रश्न येतो तो पिकांच्या राखणीतून. सोयाबीन, तूर, ज्वारी आणि कापसाच्या शिवारात रानडुकरे, रोही आणि हरणांचे कळप शिरतात. कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. अशी बंदूक गुळगुळीत नळीची. तिच्यात छर्रे किंवा साधी गोळी जाते आणि वेग कमी. जॅकेट किंवा गॅस चेक यांचा तिला काहीही उपयोग नाही, कारण त्यांचे काम आट्यांशी आणि मोठ्या वेगाशी आहे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार काळविटासारख्या प्राण्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि पिकात शिरलेल्या इतर प्राण्यांबाबतही वनखात्याच्या परवानगीचा मार्ग ठरलेला आहे. बहुतेक शेतात ही बंदूक आवाजापुरतीच चालते.

उघडे शिसे, आजचे

कवचाच्या इतक्या इतिहासानंतरही अत्यंत अचूक नेमबाजी उघड्या शिशानेही होते. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ लाँग रायफल काडतूस वापरतात. गोळी २.६ ग्रॅमची, वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास, सेकंदाला ३३० मीटर. कवच नाही, वाटी नाही, फक्त मेणासारख्या वंगणाचा थर. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार या गोळ्या शिशाच्या किंवा तशाच मऊ पदार्थाच्याच असाव्या लागतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, ते अशाच गोळीने. कमी वेगाला मऊ शिसे नळीत नितळ बसते आणि एकसारखे निघते. कवच चढवले तर उलट विषमता वाढते.

शिशाचा खरा राहिलेला दोष विषाचा आहे. शिसे वितळवताना त्याची वाफ फारशी होत नाही, कारण ते १,७४९ अंशांना उकळते; धोका असतो तो वर तरंगणाऱ्या मळीच्या भुकटीचा, जी हाताला लागते, अन्नात जाते आणि श्वासातून आत शिरते. बंद रेंजवर यात काडतुसाच्या टोपीतल्या शिसेयुक्त स्फोटकाचा धूरही मिसळतो. मुलांसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहती ठेवतात, झाडू मारण्याऐवजी ओले पुसतात आणि जेवण्याआधी हात धुण्याची सक्ती असते. जंगलात गोळी लागून मेलेल्या जनावराच्या मांसातून शिशाचे तुकडे गिधाडांच्या पोटात जातात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया कंडोर या पक्ष्याच्या ऱ्हासाचे ते मोठे कारण ठरले, आणि तिथे शिकारीसाठी शिशाची गोळी १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंद झाली. युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाचे छर्रे वर्ज्य केले. या बंदीमुळे बाजारात गाभ्यासकट सबंध तांब्याच्या गोळ्या वाढल्या आहेत. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब करावी लागते आणि तिला फिरवण्यासाठी नळीचे आटे अधिक जवळजवळ वळवावे लागतात. जुन्या रायफलींना त्या नेहमीच मानवत नाहीत.